अदृश्य वहिवाटदाराची जमाबंदी

वैनगंगेच्या काठी, आरमोरीस, ऐनाच्या झाडावरून उतरविलेला टसराचा कोसा तळहातावर घेतला म्हणजे तो घट्ट, कोरडा आणि सर्व बाजूंनी बंद भासतो. परंतु येथून सुमारे साडेसातशे किलोमीटरवर, मुंबईत ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात, १९८५ च्या ऑगस्टात प्रथम कार्यान्वित झालेली ‘ध्रुव’ अणुभट्टी जेव्हा आपल्या १०० मेगावॅटच्या पूर्ण औष्णिक शक्तीने चालत असते, तेव्हा त्याच कोशाच्या दर चौरस सेंटीमीटरमधून सेकंदाला पावणेतीनशेच्या आसपास प्रतिन्यूट्रिनो नावाचे अदृश्य कण आरपार निघून जातात, आणि ते कण सरळ रेषेत चालणारे व पृथ्वी गोल, म्हणून वाटेत भूपृष्ठाखाली सुमारे ११ किलोमीटर खोलवरून येऊन आपल्याच भातखाचराच्या मातीतून वर निघतात.

युरेनियमचे केंद्रक दुभंगले म्हणजे जे तुकडे उरतात, त्यांत न्यूट्रॉनांचा भरणा अतोनात असतो. स्थैर्य येईपर्यंत ते एकामागून एक इलेक्ट्रॉन बाहेर टाकीत जातात, आणि प्रत्येक इलेक्ट्रॉनाबरोबर एक प्रतिन्यूट्रिनो निघतो. एका विखंडनामागे असे सुमारे ६. शेताचे क्षेत्र दप्तरी कायम असून एका वहिवाटदाराच्या नावे दर साली निराळा आकडा निघू लागला, तर उरलेला हिस्सा कोणाच्या कब्जात आहे याची चौकशी होणारच. दर खेपेस निराळ्या भरणाऱ्या इलेक्ट्रॉनाच्या ऊर्जेविषयी हीच चौकशी करून भौतिकशास्त्रज्ञ पाउलीने १९३० साली या अदृश्य हिस्सेदाराची कल्पना मांडली, आणि राइन्स व कोवन यांनी १९५६ साली अमेरिकेतील एका अणुभट्टीजवळ तो प्रत्यक्ष हुडकला.

कोणत्या ऊर्जेचे किती कण निघाले, याची जी जमाबंदी, तिलाच ऊर्जावर्णपट म्हणतात. अल्प ऊर्जेचे कण विपुल, अधिक ऊर्जेचे विरळ; परंतु प्रोटॉनवर आदळून खूण ठेवण्याची शक्यता ऊर्जेबरोबर वाढते आणि १८ लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टखाली ती मुळीच नसते, म्हणून नोंदींचा आलेख टेकडीसारखा चढून ४० लक्षांच्या सुमारास माथा गाठतो व मग उतरतो. प्लुटोनियमचे कण युरेनियमच्या मानाने संख्येने कमी आणि ऊर्जेनेही मंद असल्यामुळे, भट्टी न उघडता तिच्या पोटातील इंधनाचा फेरफार या आलेखावरून वाचता येतो. अण्वस्त्रांच्या काळात हे सामर्थ्य मला फार मोलाचे वाटते.

‘ध्रुव’च्या गाभ्यापासून सुमारे १३ मीटरवर याच कामासाठी ‘इस्मरान’ हे उपकरण योजिले आहे: मीटरभर लांबीच्या, गॅडोलिनियमचा लेप असलेल्या पापुद्र्यात गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या कांबी. कण प्रोटॉनवर आदळला म्हणजे आधी पॉझिट्रॉनची चमक उठते, आणि सेकंदाच्या अत्यल्प अंशानंतर, सुटलेला न्यूट्रॉन गॅडोलिनियमने गिळताच, दुसरी. दोन्ही साक्षी जुळल्या तरच नोंद.

आणि हिशोब अद्याप पुरता जुळलेला नाही. २०११ साली नव्याने केलेल्या आकडेमोडीपेक्षा जगभरच्या भट्ट्यांजवळ मोजलेले कण सुमारे ६ टक्के कमी भरले. ती तूट बव्हंशी युरेनियमच्या चुकीच्या अंदाजाची, असे आता दिसते. मात्र ५० ते ६० लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या टप्प्यात २०१४ साली चीन, कोरिया व फ्रान्स येथील प्रयोगांत जो अनपेक्षित उंचवटा आढळला, त्याचा सर्वमान्य उलगडा झालेला नाही. आरमोरीत आज विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींनी हे काम दूरदेशीच्या पंडितांचे न समजता आपले मानावे, एवढीच विनंती.