विजेरी : निवड आणि निगा

व्यापाऱ्याच्या संसारात काही वस्तू अशा असतात की, त्या नेहमी हाताशी असतात म्हणून त्यांचा विचार कोणी करीत नाही. आणि ऐन प्रसंगी त्या दगा देतात, तेव्हा विचार करावयास सवड उरत नाही. विजेरी ही त्यांपैकीच एक होय. आपल्याकडे तिला सर्रास 'बॅटरी' असे म्हणतात. दोन रुपयांच्या भावफरकासाठी कापसाच्या गाठीचा नमुना दहादा पारखणारा आपला व्यापारी बंधू विजेरी घेताना मात्र डब्यावर छापलेला मोठा आकडा पाहतो आणि पैसे मोजून मोकळा होतो. या आकड्यांचा थोडा हिशेब मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्या भागाला या वस्तूची गरज विशेष आहे. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर तहसील त्यात आली. परंतु जिल्हा झाला म्हणून रात्रीचा अंधार कमी झाला, असे नाही. एका अंगाला नागपूर-बैतूल मार्ग, दुसऱ्या अंगाला सौंसरहून छिंदवाड्याकडे जाणारा सिल्लेवानीचा घाट, आणि मध्ये संत्र्याच्या बागा, कापसाची शेते व सातपुड्याचे रान, असा हा मुलूख आहे. घाटात गाडी बंद पडली, बागेत रात्री पाणी सोडावयाचे असले, किंवा पावसाळ्यात वीज गेल्यावर गोदामाच्या छपरातून कोठे पाणी गळते ते पाहावयाचे असले, तर विजेरीवाचून चालत नाही.

त्यातही कापसाचा व्यवहार करणाऱ्यांसाठी हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. सरकीच्या ढिगाजवळ किंवा रुईच्या गाठींमध्ये आगकाडी अथवा कंदील घेऊन जाणे म्हणजे वर्षाची कमाई पणाला लावणे होय. ज्योत नसलेला उजेड हा जिनिंगच्या धंद्याचा खरा पहारेकरी आहे.

हातात धरावयाच्या या दिव्याचे पेटंट डेव्हिड मिसेल या गृहस्थास अमेरिकेत १८९९ साली मिळाले. त्या काळचे सेल दुर्बल असल्यामुळे दिवा क्षणभर लुकलुके व पुन्हा विश्रांती मागे. इंग्रजीतील 'फ्लॅशलाइट' हे नाव त्यावरूनच पडले. आपल्याकडे एव्हरेडीची पितळी 'जीवन साथी' आणि अलाहाबादची 'गीप' या विजेऱ्या घरोघरी पोहोचल्या. तीन सेलची ती लांब नळी उशाशी ठेवून झोपणारे वडीलधारे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. ती वजनाला जड आणि प्रकाशाला पिवळी असली, तरी पडली तरी फुटत नसे व बिघडली तर गावातच दुरुस्त होई. पुढे निळ्या एलईडीचा शोध लागला व त्यातून पांढरा उजेड साधला. त्या शोधाबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. लिथियम-आयन सेलच्या कर्त्यांचा तसाच गौरव २०१९ साली झाला. आजची वीतभर विजेरी या दोन शोधांचे अपत्य आहे.

आता आकड्यांकडे वळू. पहिला आकडा 'ल्युमेन' हा होय. दिव्यातून एकंदर किती प्रकाश बाहेर पडतो, त्याचे हे माप आहे. दुसरा आकडा 'कँडेला'. तो प्रकाश एका दिशेने किती एकवटला आहे, हे त्यावरून कळते. ल्युमेन म्हणजे टाकीतील पाणी, तर कँडेला म्हणजे पिचकारीची धार, असे म्हणावयास हरकत नाही. पाणी भरपूर असूनही धार पसरट असली, तर ती लांब जात नाही. विजेरीचा पल्ला ठरविण्याची एक मान्य रीत आहे : पौर्णिमेच्या चांदण्याइतका, म्हणजे पाव लक्स उजेड जेथवर पोहोचतो, तेथवर तिचा पल्ला. हिशेबही सोपा आहे. कँडेलाच्या आकड्याचे वर्गमूळ काढून दुप्पट करावे, म्हणजे पल्ला मीटरमध्ये मिळतो. २,५०० कँडेलाची विजेरी १०० मीटर जाते, १०,००० ची २०० मीटर. तात्पर्य, पल्ला दुप्पट हवा तर जोर चौपट लागतो. शिवाय चांदण्याएवढ्या उजेडात माणूस ओळखू येत नाही. म्हणून छापील पल्ल्याचा अर्धा भागच कामाचा समजावा.

येथे डब्यावरील फुगीर दाव्यांची परीक्षाही होते. १८६५० नावाचा सेल आज पुष्कळ विजेऱ्यांत असतो. १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी, यावरून ते नाव पडले. चांगल्या सेलची धारणा ३,००० मिलिअँपिअर-तास धरली आणि दाब ३.६ व्होल्ट धरला, तर त्यात सुमारे ११ वॉट-तास वीज साठते. एलईडी दर वॉटला ढोबळमानाने १०० ल्युमेन देतो. म्हणजे १,००० ल्युमेनचा उजेड तासभर, किंवा १०० ल्युमेनचा दहा-अकरा तास, एवढीच या सेलची ऐपत. मग एका सेलवर चालणाऱ्या आणि १०,००० ल्युमेन छापलेल्या विजेरीला १०० वॉट लागतील व सेल सहा-सात मिनिटांत रिता होईल; तितकी उष्णता तर हातात धरवणारच नाही! त्याचप्रमाणे या मापाच्या सेलवर ९,९०० मिलिअँपिअर-तास लिहिलेले दिसले, तर तो सेल दुकानातच ठेवून यावे. ज्या पेढीत जमा-खर्च जुळत नाही, तिच्याशी आपण व्यवहार करीत नाही. हाच न्याय येथे लावावा.

मजबुतीची कसोटीही ठरलेली आहे. निदान एक मीटर उंचीवरून सिमेंटच्या फरशीवर पडूनही जी चालू राहते, ती धडकेस टिकणारी. पाण्याच्या बाबतीत 'आयपीएक्स ४' म्हणजे शिंतोड्यांस न जुमानणारी, व 'आयपीएक्स ७' म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणारी. घरगुती वापराला पहिली पुरते. बाग आणि घाट यांसाठी दुसरीच घ्यावी. अंग ॲल्युमिनियमचे असावे, बटण अंधारात बोटाला सापडावे, आणि एका दाबात उजेड मिळावा. लुकलुकणाऱ्या पाच-सहा तऱ्हा असलेली विजेरी प्रसंगी घाबरलेल्या माणसाला अधिकच गोंधळात टाकते.

घरासाठी आणि दुकानासाठी १०० ते ३०० ल्युमेनचा पसरट उजेड पुरेसा होतो. बागेसाठी व वाहनासाठी १०,००० कँडेलाच्या आसपासची, लांब पल्ल्याची एक निराळी असावी. आणि एक साधी, बाजारी सुक्या सेलवर चालणारी विजेरी राखीव ठेवावी. कारण दोन दिवस वीज नसली, तर चार्ज करावयाची विजेरी निरुपयोगी ठरते, परंतु सेल गावातल्या कोणत्याही दुकानात मिळतात.

निगा राखण्याचे नियम थोडके आहेत. साठवणीतल्या विजेरीतून सुके सेल काढून ठेवावेत, नाही तर ते पाझरून आतील पत्रा खातात. जुना व नवा सेल एकत्र घालू नये. लिथियमचा सेल फुगला असेल तर तो तत्काळ बाद करावा; विजेरी उन्हातल्या बंद गाडीत ठेवू नये, आणि कापसाच्या गोदामात रात्रभर चार्जिंगला तर मुळीच लावू नये. जोरदार विजेरीचे तोंड कापडाला किंवा रुईला टेकलेले असताना चुकून बटण दबले, तर ते जाळू शकते. यास्तव वापर नसताना मागील झाकण एक फेरा सैल करून ठेवावे. स्वयंपाकाच्या गॅसचा वास येत असेल, तेथे विजेरीचेही बटण दाबू नये.

शेवटी एक गोष्ट, जी हिशेबाच्या वहीत मावत नाही. २००० ते २०१९ या काळात आपल्या देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांत मोठा भाग खेड्यातील शेतकऱ्यांचा व मजुरांचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ही चारही विषारी जनावरे महाराष्ट्र-मध्यप्रदेशाच्या या पट्ट्यात आढळतात, आणि रात्री पाणी देणाऱ्याच्या पायाखाली नेमके काय आहे ते उजेडावाचून कळत नाही. पाऊल टाकण्यापूर्वी जमीन पाहावी, हे आपल्याकडे लहानपणापासून शिकविले जाते. त्यात पायाखालच्या जीवाचे रक्षण आहे, तसेच आपलेही आहे. म्हणून पेढीच्या मालकाने स्वतःसाठी एक उत्तम विजेरी घेताना बागेच्या रखवालदारासाठी आणि गोदामाच्या चौकीदारासाठीही तशीच एक घ्यावी. अंधारात मालकापेक्षा त्यांनाच अधिक फिरावे लागते. त्या खर्चाची नोंद खुशाल मालाच्या रक्षणाच्या खात्यावर करावी. पण तिने माणूस राखला जातो, याचे स्मरण असू द्यावे.