अक्षरामागचे आकडे (भाग ६) : ‘शेतकऱ्यां’मधला र

मागच्या भागात उत्तर आफ्रिकेतल्या अमाझीग लोकांच्या तिफिनाघ लिपीतलं ‘याझ’ पाहिलं. त्यांच्या झेंड्यावर मिरवणारं हे अक्षर २००५ साली युनिकोडमध्ये आलं, त्याला स्वतःचा क्रमांक मिळाला आणि विषय संपला. आपल्या एका अक्षराचं घोडं मात्र अजून पुरतं गंगेत न्हालेलं नाही.

वाशीच्या एपीएमसी मार्केटात ज्यांच्यावाचून परिपत्रक निघत नाही असे दोन शब्द म्हणजे ‘शेतकऱ्यांना’ आणि ‘व्यापाऱ्यांना’. दोन्हींत ‘य’च्या आधी तो आकडीसारखा अर्धा र आहे. हिंदीला त्याची गरज पडत नाही, तिथे रफारावर भागतं. आपल्याकडे दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगरातल्या. आचार्यांना वंदन करायचं असतं, आचाऱ्यांना पंगतीचा आकडा सांगायचा असतो.

संगणक आकार साठवत नाही, क्रमांक साठवतो. साध्या ‘र’चा क्रमांक ०९३०. त्याला हलंत देऊन पुढे ‘य’ टाकला की रफार होतो, आणि बॅनरवर ‘शेतकर्यांना’ अवतरतं. आकडी हवी तर ०९३१ क्रमांकाचा, खाली नुक्ता असलेला ‘ऱ’ घ्यायचा आणि मग हलंत. गंमत अशी की हा सुटा ‘ऱ’ मराठी वर्णमालेत नाहीच. तमिळसारख्या द्राविडी भाषांमधला कठोर र देवनागरीत लिहिता यावा म्हणून त्याची सोय होती. ‘इस्की’ या भारतीय मानकातही तो दक्षिणी लिप्यांसाठीचा म्हणून नोंदलेला आहे, आणि युनिकोडने १९९१ साली देवनागरीची मांडणी घेतली ती ‘इस्की’च्या १९८८ च्या आवृत्तीवरून. थोडक्यात, आपला रोजचा अर्धा र दाक्षिणात्य अक्षराच्या सातबाऱ्यावर चढलेला आहे. मला यात काही वावगं वाटत नाही. काम चाललं म्हणजे झालं.

पण दुसरीही एक वाट उघडी आहे. साधा ‘र’, हलंत आणि त्यापुढे ‘झीरो विड्थ जॉइनर’ नावाचं, डोळ्यांना न दिसणारं चिन्ह. युनिकोडच्या जुन्या आवृत्तीत अशी रीत होती, म्हणून ती पुढेही मान्य ठेवली गेली. नेपाळी मजकुरात ती आजही सर्रास दिसते. पडद्यावर दोन्ही वाटांनी आलेली आकडी हुबेहूब सारखी. कागदावर छापली तरी फरक कळणार नाही.

फरक कळतो तो शोधताना. समजा, एका गाळ्यावर कुऱ्हाडे आडनावाच्या शेतकऱ्याचा कांदा येतो. मुनीमजींनी नाव पहिल्या वाटेने लिहिलं, त्यांच्या मुलाने दुसऱ्या. आता एक्सेलमध्ये नाव शोधलं की निम्म्याच पट्ट्या सापडतात आणि एका माणसाची दोन खाती होऊन बसतात. बरं, युनिकोडची प्रमाणीकरणाची ठरलेली पद्धत आहे, पण ती ‘र’ आणि सुटा नुक्ता यांना जोडून ‘ऱ’ करण्यापुरतीच. त्या अदृश्य चिन्हाला ती हात लावत नाही. काही ऑनलाइन अर्ज तर अदृश्य चिन्हं कचरा समजून झाडून टाकतात. मग कुऱ्हाड्यांचं ‘कुर्हाडे’ होतं, आणि आधारवरचं नाव बँकेतल्या नावाशी जुळेनासं होतं.

मराठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी एवढं करावं : शोध घेण्याआधी ‘र, हलंत, जॉइनर’ हा क्रम दिसला की त्याचा ‘ऱ, हलंत’ करून घ्यावा. दोन ओळींचं काम आहे. आणि वाचकहो, तुम्ही इन्स्क्रिप्टवर टाइप करत असाल तर शिफ्ट धरून ‘जे’ दाबा, मग ‘डी’, मग ‘य’ किंवा ‘ह’. फोनच्या कीबोर्डवर ‘र’ दाबून धरून ‘ऱ’ मिळतो का, ते आजच बघून ठेवा. पुढच्या आठवड्यात ‘ॲ’.