साप्ताहिक म्हणून हलकं, त्रैमासिक म्हणून भारी?

देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर मराठी पत्रकारितेचे जनक म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. त्यांची लेखणी तीन निराळ्या प्रकारच्या नियतकालिकांत चालली, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. ६ जानेवारी १८३२ ला निघालेलं ‘दर्पण’ हे वृत्तपत्र. १८४० मधलं ‘दिग्दर्शन’ हे भूगोल, इतिहास, विज्ञान सोपं करून सांगणारं मासिक. ताम्रपट-शिलालेखांवरचे निबंध मात्र त्यांनी एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकासाठी लिहिले. कुठलं लेखन कुठे द्यायचं, हे त्यांना नेमकं कळत होतं.

आज प्रकल्प लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला कुठली माहिती कुठून घ्यायची, हे कळावं लागतं. समजा, विषय आहे मालवण किनाऱ्यावरचा पर्ससीन जाळीवाले मच्छीमार आणि पारंपरिक रापणकार मच्छीमार यांचा वाद. फेब्रुवारी २०१६ मध्ये शासनाने पर्ससीनवर निर्बंध घातले, तेव्हा बंदरावर काय पडसाद उमटले, हे त्या आठवड्यातली दैनिकंच सांगतील. पण तारली, बांगडा खरोखर घटला का आणि घटला तर जाळ्यांमुळे की समुद्र तापल्यामुळे, याचा निवाडा बातमीवर करता येत नाही. त्यासाठी ‘इंडियन जर्नल ऑफ फिशरीज’सारखी संशोधनपत्रिका उघडावी. अशा पत्रिकेत लेखकाची संस्था, सारांश, बहुधा निबंध कधी आला आणि कधी स्वीकारला याच्या तारखा आणि शेवटी संदर्भ असतात. त्या दोन तारखांच्या मधल्या काळात त्याच विषयातल्या जाणकारांनी निबंध तपासलेला असतो. मासिकं आणि दिवाळी अंक विषयाची ओळख करून देतात, माणसांचे अनुभव सांगतात. त्यातलं मत मत म्हणूनच उद्धृत करावं.

अंक किती दिवसांनी निघतो, यावर जाऊ नये. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ साप्ताहिक असूनही तिथे तज्ज्ञांनी पारखलेले शोधनिबंध येतात. उलट एखादं त्रैमासिक निव्वळ कथा-कवितांचं असतं. नावात ‘इंटरनॅशनल जर्नल’ मिरवणारी आणि पैसे भरताच काहीही छापून देणारी दुकानंही आहेत. म्हणून लिहिलं कुणी, छापण्याआधी तपासलं कुणी आणि वाचक कोण, हे तीन प्रश्न आधी विचारावेत.

संदर्भसूचीत बातमी असणं कमीपणाचं नाही. बातमीकडून शोधनिबंधाचं काम करून घेणं चुकीचं.