पडद्यामागचे खेळ (लेखांक ७) : एकट्याचा आवाका

मोठ्या स्टुडिओत शेकडो माणसांमध्ये काम कसे वाटले जाते, ते गेल्या आठवड्यात पाहिले. आज दुसरे टोक पाहू: कोड, चित्रे, कथा, चाचणी आणि विक्री हे सारे अंगावर घेणारा एकटा डेव्हलपर. इतकी कौशल्ये एका माणसाकडे कुठून येणार, हीच त्याची मोठी अडचण असे सहसा मानले जाते. पण कौशल्य शिकता येते आणि थोडेफार विकतही घेता येते. मला मोठी वाटते ती आवाक्याची, म्हणजे गेममध्ये किती काय घ्यायचे याची अडचण. स्टुडिओत नवी कल्पना निघाली की कोणी खर्च विचारतो, कोणी तारखेची आठवण करून देतो. एकट्या माणसाच्या कल्पनेला नकार देणारा त्याच्या स्वतःशिवाय कोणीच नसतो.

एकट्याने गेम बनवणारे लुकास पोप यांचे दोन गेम शेजारी ठेवले की हे स्पष्ट होते. २०१३ मध्ये आलेला 'पेपर्स, प्लीज' सुमारे नऊ महिन्यांत तयार झाला. त्यात सीमेवरची एक चौकी आहे, एक टेबल आहे आणि कागदपत्रे तपासणारा एक अधिकारी. पुढचा 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' २०१८ मध्ये आला आणि त्याला चार वर्षांहून अधिक काळ लागला. त्यात एका जहाजावरच्या ६० माणसांचे काय झाले, हे खेळणाऱ्याने शोधायचे असते. म्हणजे ६० चेहरे, ६० ओळखी, ६० शेवट. त्यातला काही वेळ त्या गेमच्या खास एकरंगी चित्रशैलीवर गेला, हे खरे. तरीही माणूस तोच आणि कौशल्य आधीपेक्षा वाढलेले असताना कामाचा काळ कैक पटींनी वाढला, याचे मुख्य कारण आवाक्यातच शोधावे लागते.

म्हणून एकट्याने आवाका छोटा ठेवावा. यावर पहिला आक्षेप असा की छोटा गेम विकत कोण घेणार? स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेल्या गेमचे पैसे परत मागता येतात. तासाभरात संपणाऱ्या गेमला हा नियम जाचू शकतो. पण बनवण्याचा आवाका आणि खेळण्याचा काळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवे गाव उभारले की त्याची चित्रे, संवाद आणि चाचणी हे सारे पुन्हा करावे लागते, आणि खेळणारा ते गाव एका संध्याकाळी पाहून मोकळा होतो. नियमांचे तसे नसते. थोडे नियम एकमेकांत मिसळले की असंख्य परिस्थिती तयार होतात. 'लोकलथंक' या टोपणनावाच्या एकट्या निर्मात्याचा 'बलाट्रो' पत्त्यांच्या डावावर आणि १५० जोकरांवर उभा आहे. प्रत्येक जोकर खेळाचा एखादा नियम बदलतो, म्हणून डाव सहसा सारखे होत नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या या गेमच्या पहिल्या महिन्यातच दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: 'स्टारड्यू व्हॅली'चे काय? एरिक बॅरोन यांनी शेती, गाव, खाणी, संगीत असे सगळे एकट्याने केले आणि २०१६ नंतर त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. पण प्रोग्रॅमिंगचा सराव म्हणून हाती घेतलेले हे काम साडेचार वर्षे चालले, चित्रे पुन्हा पुन्हा काढावी लागली आणि त्या काळात घरखर्चाचा मोठा भार त्यांच्या जोडीदाराने उचलला. इतका आधार ज्याला नाही, त्याने या यशाकडे नियम म्हणून पाहणे धोक्याचे आहे. अर्ध्यात सुटलेले गेम बाजारात येतच नाहीत, त्यामुळे त्यांच्यावरून कोणाला धडाही घेता येत नाही.

गोडोसारखी मोफत इंजिने आली, आता काम सोपे झाले, असेही म्हटले जाते. इंजिन कोड लिहिण्याचा वेळ वाचवते. काय वगळायचे ते सांगत नाही. उलट नवी भर घालणे सोपे झाले की मोहही वाढतो. म्हणून एकट्या डेव्हलपरने गेमचा गाभा असलेला एकच नियम आधी साध्या चौकोनांवर, चित्रांशिवाय खेळून पाहावा आणि दुसऱ्यांना खेळायला द्यावा. तो तिथे रंगला नाही, तर पन्नास गावे जोडूनही रंगणार नाही. स्वतःला वेळीच नकार देणे हेही गेम बनवण्याचेच कौशल्य आहे, आणि कोडइतकेच ते सरावाने येते.

(पुढील लेखांकात : गेमची किंमत कशी ठरते?)