प्रीसेट : जुळलेला आवाज जपून ठेवण्याची सोय

प्रीसेट म्हणजे सिंथेसायझर किंवा इफेक्टचे सगळे नॉब आणि स्विच कुठे ठेवले आहेत याची साठवलेली नोंद. १९७८ मध्ये आलेल्या प्रॉफेट-५ या सिंथेसायझरने मायक्रोप्रोसेसरच्या मदतीने ४० आवाज स्मृतीत ठेवण्याची सोय दिली. त्याआधीच्या बहुतेक सिंथेसायझरवर प्रत्येक आवाज हाताने पुन्हा जुळवावा लागे.

एबलटन लाइव्ह या संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरमध्ये डिव्हाइसच्या, म्हणजे वाद्याच्या किंवा इफेक्टच्या, शीर्षकपट्टीवरचे फ्लॉपीचे चिन्ह दाबले की प्रीसेट यूजर लायब्ररीत जातो. एकट्या डिव्हाइसची फाइल ‘.एडीव्ही’, तर अनेक डिव्हाइस एकत्र बांधलेल्या रॅकची ‘.एडीजी’ असते. शीर्षकपट्टीवर राइट-क्लिक करून आवडती मांडणी डीफॉल्टही करता येते. मग ते डिव्हाइस दर वेळी त्याच स्थितीत उघडते.

नाव ठेवताना वाद्य, पोत आणि वापर यांचा उल्लेख असावा. ‘बेस जाड संथ’ हे नाव सहा महिन्यांनीही कळते, ‘नवीन ३’ कळत नाही.

सॅम्पलवर आधारलेल्या प्रीसेटला मूळ ध्वनिफाइल लागते. ती सोबत कॉपी व्हावी की नाही, हे लाइव्हच्या सेटिंग्जमधील ‘कलेक्ट फाइल्स ऑन एक्सपोर्ट’ या पर्यायाने ठरते. बाहेरच्या प्लग-इनचा प्रीसेट दुसऱ्या संगणकावर उघडायचा, तर तिथेही तोच प्लग-इन हवा.

गाण्याच्या फाइलमध्ये डिव्हाइसची मांडणी स्वतंत्रपणे साठते. त्यामुळे प्रीसेट नंतर बदलला तरी जुनी गाणी बदलत नाहीत. बॅकअपसाठी संपूर्ण यूजर लायब्ररीचे फोल्डर वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी करावे.