लेखनाची सुरक्षितता: स्वयंजतन, बॅकअप आणि वर्ड प्रोसेसरची निवड

प्रस्तावना

संगणकावर टंकलिखित केलेला मजकूर पडद्यावर दिसत असला, तरी 'सेव्ह' करेपर्यंत तो केवळ तात्पुरत्या स्मृतीत असतो आणि वीज जाताच ती स्मृती पुसली जाते. वसई-विरार परिसरातील प्राध्यापकांना याचा अनुभव नवा नाही. २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्यात भारनियमन होते. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई, नालासोपारा व विरार जलमय होऊन अनेक भागांतील वीजपुरवठा खंडित झाला. अशा प्रसंगी नष्ट होऊ शकणाऱ्या लेखनात शोधनिबंध असतात, प्रश्नपत्रिका असतात. त्याचबरोबर सामवेदी वा वाडवळी बोलीतील, वृद्ध निवेदकांकडून टिपून घेतलेली गीते व शब्दसूचीही असू शकतात. निबंध पुन्हा लिहिता येतो. निवेदक हयात नसल्यास त्याची शब्दसूची पुन्हा मिळत नाही. या दृष्टीने प्रस्तुत लेखात स्वयंजतन, बॅकअप आणि वर्ड प्रोसेसरची निवड यांचा परस्परसंबंध स्पष्ट केला आहे.

१. स्वयंजतनाचे दोन प्रकार

'ऑटोरिकव्हर' व 'ऑटोसेव्ह' हे शब्द अनेकदा समानार्थी मानले जातात. वस्तुतः ते भिन्न आहेत. मायक्रोसॉफ्ट वर्डमधील ऑटोरिकव्हर मूळ मांडणीनुसार दर १० मिनिटांनी मजकुराची नोंद एका स्वतंत्र फाईलमध्ये करते. मूळ फाईलला ते हात लावत नाही. संगणक अकस्मात बंद पडल्यास पुढील वेळी ही नोंद आपल्यासमोर ठेवली जाते. मात्र काम नेहमीच्या रीतीने संपविले की प्रोग्रॅम ती फाईल स्वतःच काढून टाकतो. ही सोय अपघातापुरती आहे, संग्रहासाठी नाही. १० मिनिटांचा अवधी २ मिनिटांवर आणणे सहज शक्य असून ते अवश्य करावे.

ऑटोसेव्ह मात्र वनड्राइव्हसारख्या ऑनलाइन साठ्यातील मूळ फाईलमध्येच काही सेकंदांच्या अंतराने बदल नोंदविते. गूगल डॉक्सची पद्धतीही अशीच आहे. येथे वीज गेल्याने फारसे नुकसान होत नाही. परंतु चुकून पुसलेले प्रकरण 'पुसलेले' म्हणूनच तत्परतेने जतन होते. त्यावर उपाय म्हणजे आवृत्तींचा इतिहास. जुनी आवृत्ती परत कशी आणावी, हे गरज पडण्यापूर्वीच शिकून घेणे हिताचे ठरते.

२. बॅकअप

वर्ड आणि लिबरऑफिस या दोहोंत 'नेहमी बॅकअप प्रत करा' असा पर्याय आहे. तो निवडल्यास प्रत्येक 'सेव्ह'च्या वेळी त्यापूर्वीची प्रत वेगळी ठेवली जाते. चुकीच्या दुरुस्तीपासून ती वाचविते. पण ती बहुधा त्याच संगणकात असल्याने संगणक पाण्यात गेला की तीही जाते. म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी, हा नियम प्रमाण मानला जातो. तळमजल्यावरील विभागातील संगणक आणि त्याच टेबलाच्या खणातील पेनड्राइव्ह यांना दोन ठिकाणे म्हणता येणार नाही. तसेच परस्परांशी आपोआप जुळवून घेणारे फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. एका ठिकाणी पुसलेली फाईल दुसरीकडेही पुसली जाते.

३. मराठी मजकुराचा विशेष प्रश्न

इंग्रजी लेखनाच्या बाबतीत फाईल वाचली म्हणजे मजकूर वाचला. मराठीत तसे नाही. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये 'क' हे अक्षर संगणकात प्रत्यक्षात रोमन 'डी' म्हणून साठविले जाते. देवनागरी आकार केवळ फाँट पुरवितो. तो फाँट नसलेल्या संगणकावर तीच फाईल निरर्थक रोमन अक्षरांची रांग होते. दहा बॅकअप असले तरी दहाही ठिकाणी निरर्थकताच जपली जाते. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्वतंत्र संकेतांक मिळाले आहेत. त्यांमुळे 'क' हा 'क' म्हणूनच साठतो आणि त्याचा शोधही घेता येतो.

जुन्या फाईलींचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. तथापि रूपांतरानंतर मूळ छापील प्रतीशी पडताळणी अपरिहार्य आहे. जोडाक्षरे, रफार आणि अर्धा ऱ यांत चुका संभवतात. 'दर्या' व 'दऱ्या' यांतील भेद हरवला तर समुद्राच्या जागी डोंगरातील घळी येतील! रूपांतर झाले तरी मूळ फाईल पुसू नये.

४. निवडीचे निकष

वापरसुलभ वर्ड प्रोसेसर म्हणजे आकर्षक बटणांचा वर्ड प्रोसेसर, अशी समजूत आढळते. अध्यापकाच्या दृष्टीने पुढील निकष अधिक महत्त्वाचे आहेत: युनिकोड देवनागरीची अचूक हाताळणी, इनस्क्रिप्ट कळफलकावर सुलभ टंकलेखन, स्वयंजतनाचा अवधी बदलण्याची सोय, आणि अन्य प्रोग्रॅममध्येही उघडणारे फाईल-स्वरूप. लिबरऑफिस विनामूल्य असून त्याचे ओडीएफ स्वरूप २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरले. वर्ड सर्वत्र परिचित आहे. गूगल डॉक्स सहलेखनास सोयीचे आहे. मात्र त्याची खरी सोय इंटरनेट अखंड असेल तेथेच.

निवडीपूर्वी एक साधी चाचणी घ्यावी. नव्या फाईलला नाव देऊन ती सेव्ह करावी, त्यानंतर मराठीत एक परिच्छेद लिहावा, स्वयंजतनाचा अवधी उलटू द्यावा आणि टास्क मॅनेजरमधून प्रोग्रॅम बंद पाडावा. पुन्हा उघडल्यावर किती मजकूर परत येतो, ते पाहावे. मग तीच फाईल दुसऱ्या संगणकावर उघडावी.

निष्कर्ष

स्वयंजतन काही मिनिटांचे श्रम वाचविते, बॅकअप वर्षांचे श्रम वाचवितो आणि युनिकोड त्या श्रमांना वाचनीय ठेवतो. यांपैकी एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही. प्रत्येक विभागाने सत्रारंभी एखादी बॅकअप प्रत प्रत्यक्ष उघडून पाहण्याचा प्रघात पाडावा. उघडून न पाहिलेला बॅकअप हा केवळ विश्वास असतो, पुरावा नव्हे.