बोकडालाही काटा हवा

लातूरच्या मोंढ्यात तुरीचे पोते आले की ते काट्यावर चढल्याशिवाय त्याचा हिशेब होत नाही. मापाडी वजन बोलतो, हमाल पोते उचलतो, आडत्या पट्टी करतो. पट्टीत चूक निघाली तर भांडता येते, कारण आकडा कागदावर असतो. त्याच शेतकऱ्याचा बोकड मात्र आठवडी बाजारात नजरेने विकला जातो. व्यापारी पाठीवरून हात फिरवितो, कमरेचे हाड चाचपतो, रुमालाखाली बोटे धरून आकडा सुचवितो आणि सौदा होतो. धान्याला काटा आणि जिवंत जनावराला नजर, हा भेद का? शेतापासून ताटापर्यंतच्या वाटेवर जे नुकसान होते, त्यातील बराच भाग या एका भेदामुळे झाकला जातो, असे आमचे मत आहे.

आपला मुलूख जनावरांचा आहे. देवणी आणि लाल कंधारी या गोवंशांना आपल्याच गावांची नावे आहेत. हाळी-हंडरगुळीचा बाजार आणि लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा जनावरांच्या उलाढालीसाठी दूरवर ठाऊक आहेत. परंतु कोरडवाहू शेतकऱ्याला आणि भूमिहीन मजुराला अडीअडचणीला हात देते ती शेळी. आपल्याकडे बहुधा काळ्या रंगाची उस्मानाबादी. मुलाची फी, दवाखाना, बियाण्याची उधारी, यांपैकी काहीही उभे राहिले की बोकड बाजारात जातो. विकणाऱ्याला घाई असते, घेणाऱ्याला नसते. ज्याला घाई आहे त्याच्याजवळ निदान आकडा तरी असावयास हवा; तोही नसतो.

आता पुढची वाट पाहू. काही बोकड गावातल्याच खाटकाकडे जातात, काही नांदेड-लातूरच्या दुकानांत आणि काही हैदराबादला किंवा मुंबईला. मुंबईचा देवनारचा कत्तलखाना 1971 साली सुरू झाला; लातूरहून तो रस्त्याने सुमारे पाचशे किलोमीटर पडतो. या प्रवासात जनावराच्या अंगात काय घडते? प्रथम पोटातील चारा-पाणी कमी होते. त्यानंतर शरीरातले पाणी आटते आणि पुढे खुद्द मांसही झिजू लागते. भीती, धक्के आणि उन्हाने स्नायूंत साठलेली शर्करा खर्ची पडते. ही शर्करा शिल्लक असेल तर कत्तलीनंतर मांसात पुरेसे आम्ल तयार होते आणि ते टिकते. ती संपली असेल तर मांस काळपट, कोरडे राहते आणि लवकर नासते. म्हणजे ज्याला आपण जनावराचे हाल म्हणतो, तेच गिऱ्हाइकाच्या पिशवीत हलके मटण होऊन येते.

हे नुकसान भरतो कोण? समजा, बाजारात 30 किलो भरणारा बोकड वाटेत 3 किलोंनी उतरला. व्यापाऱ्याला अनुभवाने हे ठाऊक असते. वाटेत मरणारे जनावरही त्याच्या मनातल्या हिशेबात धरलेले असते. तेव्हा तो रुमालाखाली बोट दाबतानाच ही सारी तूट भावातून वजा करतो. आम्ही व्यापाऱ्याला दुष्ट म्हणत नाही. जोखीम ज्याच्या अंगावर आहे तो ती दुसऱ्यावर ढकलणारच. परंतु तूट आधीच शेळीवालीच्या पदरात पडल्यावर ती कमी करण्याची निकड कोणाला राहिली?

कायदे नाहीत असे नाही. 1978 च्या पशुवाहतूक नियमांप्रमाणे साडेचार-पाच टनी ट्रकमध्ये चाळीसपेक्षा अधिक शेळ्या-मेंढ्या भरता येत नाहीत. 2015 साली मोटारवाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीने दर शेळीमागे 0.3 चौरस मीटर जागा ठरविली. अडीच मीटर लांब आणि दीड मीटर रुंद हौद्याच्या टेम्पोत याप्रमाणे बाराच बोकड बसतात. आता टेम्पोवाल्याची बाजू पाहा. त्याला मजुरी खेपेवर मिळते. बारा नेले काय नि तीस नेले काय, डिझेल तेवढेच. सावलीला थांबून पाणी पाजले, तर वेळ त्याच्या खिशातून जातो. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने पाच तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची विश्रांती ठरविली होती. पण तो कायदा पाच वा अधिक कामगार असलेल्या धंद्यांपुरता होता. एकट्या टेम्पोवाल्याला ना विश्रांती, ना त्याच्या मागच्या बोकडांना पाणी. आम्ही वाहतूक कामगारांत वर्षे काढली आहेत. जिथे चालकाला जेवायला सवड नाही, तिथे मुक्या जनावराची दाद घेतली जाईल, यावर आमचा विश्वास नाही.

यावर उपाय म्हणून आम्ही काट्याकडे पाहतो. बाजारात चढविताना एक वजन, उतरविताना दुसरे वजन आणि दोन्ही एकाच पावतीवर, कानातील 12 अंकी बिल्ल्याच्या क्रमांकासह. मग वाटेतली तूट सर्वांना दिसेल. तूट कमी आणणाऱ्या चालकाला जादा भाडे देणे व्यापाऱ्याला परवडेल आणि गाडीत गर्दी करणे महाग पडेल. 1946 साली खेडा जिल्ह्यात दूध उत्पादकांची सहकारी चळवळ उभी राहिली. तिचे बळ याच साध्या गोष्टीत होते की, दूध उत्पादकासमोर मोजले जाई आणि स्निग्धांश तपासून त्याचा भाव होई. मोजमाप आले, त्यामागून बाकीच्या सुधारणा आल्या.

व्यापारी म्हणतील, भरपेट पाणी पाजून आणलेला बोकड काट्यावर खोटे बोलतो. आक्षेप खरा आहे. म्हणून बाजारात आल्यावर ठराविक वेळाने वजन करण्याचा नियम हवा. पैदाशीचा बोकड आणि बकरी ईदचा देखणा बोकड वजनावर विकला जात नाही, हेही खरे; त्यांचा सौदा नजरेने होवो. प्रश्न रोजच्या मटणाच्या मालाचा आहे.

काटा येईपर्यंत शेळीवालीने शिंप्याची टेप वापरावी. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत घ्यावी. घेराला घेराने गुणावे, त्याला लांबीने गुणावे आणि 660 ने भागावे. घेर 28 आणि लांबी 26 असेल, तर उत्तर सुमारे 31 किलो येते. दोन-तीन किलोंचा फरक पडेल. पण रुमालाखालच्या बोटांशी बोलायला हाती काही तरी राहील.

बाजार समित्या जनावरांच्या व्यवहारावर फी घेतात. त्या फीतून काटा, सावली, पाण्याचा हौद आणि गाडीत चढविण्यासाठी उतरता ओटा एवढे चार जिन्नस मागणे अवाजवी नाही. ही मागणी शेळीवाल्या एकेकट्या करू शकणार नाहीत. हमाल, चालक आणि आपण शहरातील गिऱ्हाइके सोबत असलो तर होईल. आपण दुकानात अर्धा किलो मटण घेतो, तेव्हा काट्याची सुई नीट पाहतो. त्या बोकडाला काटा पहिल्यांदा भेटतो तो तिथे, मेल्यानंतर. तो त्याला जिवंतपणी, त्याच्या मालकिणीच्या डोळ्यांदेखत भेटावा, एवढेच आमचे मागणे आहे.